मिठाचं पाणी

सोजराबाईंना स्वतःचं मूल झालं नाही. आष्टीकडचं गाव सोडून झुंबरराव तारापूरच्या एका कारखान्यात लागले, तेव्हापासून नवरा-बायको बेटेगावच्या चाळीत राहत होते. शेजारच्या खोलीतली जागृती पॅकिंगच्या कामाला जायची आणि जाताना तीन वर्षांच्या प्रतीक्षाला त्यांच्याकडे सोडून जायची. सोजराबाई भाकरी थापायला बसल्या की पोरीलाही पिठाचा गोळा लागे. संध्याकाळी आई न्यायला आली की ती दाराआड लपायची. सोजराबाई वरवर रागवायच्या, पण पोरीचा पाय निघत नाही याचंच त्यांना सुख वाटायचं.

फरशी धुवायचं ॲसिड झुंबरराव कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून आणत. ती बाटली मोरीत खालीच असायची. एका दुपारी सोजराबाई बाहेर कपडे वाळत घालत होत्या, आणि आतून पोरीची किंकाळी आली. बाटली आडवी पडली होती, पोरीचे ओठ पांढरे झाले होते. बायका जमल्या. मिठाचं पाणी पाजा, ओकून जाईल, असं कुणीतरी म्हणालं. सोजराबाईंनी आपल्या हातानं पाजलं.

दवाखान्यात डॉक्टर फारसं रागावले नाहीत. “ॲसिड आत जाताना जाळतं,” ते म्हणाले, “ओकारीबरोबर वर येताना पुन्हा जाळतं. तोंड धुऊन, बाटली घेऊन थेट यायचं होतं.”

प्रतीक्षा वाचली, पण तिची अन्ननलिका आकसली. पातळ पेजेवर दिवस काढत मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या. जागृतीनं भांडण केलं नाही. खोली सोडून ती घिवलीला सासरी राहायला गेली. निघताना एवढंच म्हणाली, “मावशी, तुमी मुद्दाम नाय केलं, मला माहीत हाय. पण तुमच्याकडं बघवत नाय आता.”

त्यानंतर कितीतरी दिवस कामावरून बायका परतायची वेळ झाली की सोजराबाईंचे कान दाराकडे लागत. न्यायला कुणी येणार नव्हतं आणि न्यायचं असं घरात कुणी नव्हतं.

एक दिवस त्या आरोग्य केंद्रात स्वाती सिस्टरसमोर जाऊन बसल्या. रॉकेल प्यायलं तर काय, गोळ्या गिळल्या तर काय, भाजलं तर काय, सगळं विचारून घेतलं. लिहिता येत नव्हतं, म्हणून घरी येईपर्यंत घोकत आल्या. मग चाळीत खोलीखोलीत शिरून फिनेल, उंदराचं औषध वरच्या फळीवर ठेवायला लावू लागल्या. भाजलं तर टूथपेस्ट नको, वीस मिनिटं नळाखाली हात धरा, म्हणून सांगू लागल्या. बायका आधी हसल्या, मग ऐकू लागल्या. पण कुणाचंही मूल त्यांनी पुन्हा कडेवर घेतलं नाही.

सहा वर्षांनी, भर दुपारी, फोन वाजला. आवाज जागृतीचा होता.

“मावशी, धाकट्यानं डासांच्या मशीनची बाटली तोंडाला लावली. सासूबाई मिठाचं पाणी करतायत. चाळीतल्या बायका तुमचंच नाव सांगतात, काय करू?”

सोजराबाईंनी आवाज हलू दिला नाही. “नको. ओकारी काढायची नाही. दूधबिध पाजायचं नाही. तोंड पुस. श्वास नीट चाललाय का बघ. पेंगुळला तर कुशीवर धर. बाटली बरोबर घे आणि आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठ.”

फोन कटला. सोजराबाई फोन मांडीवर घेऊन बसल्या. चार वाजून गेल्यावर पुन्हा फोन आला. या वेळी एका मुलीचा आवाज होता. “आई डॉक्टरांकडं हाय. तिनं सांगितलंय, भाऊ बरा हाय. आजच्या दिवस ठेवणार हायत.”

“तू कोण गं?” माहीत असूनही सोजराबाईंनी विचारलं.

“प्रतीक्षा.”

“जेवलीस का?”

“वडापाव खाल्ला.”

“सुका? लागला नाही घशात?”

“नाय. आता सगळं खाते मी.” पोरीनं उलट विचारलं. “तुमी कोण?”

“तुझ्या आईच्या ओळखीची,” त्या म्हणाल्या.

झुंबरराव कामावरून आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. रविवारी घिवलीला जाऊन पोराला बघून येऊ, असं ते म्हणाले. सोजराबाईंनी नको म्हणून मान हलवली. “बोलावलं तर जाऊ.”

घिवलीची एसटी जवळच्या बोईसरहून किती वाजता सुटते, ते मात्र त्यांनी विचारून ठेवलं.