शालनअक्काचा हात

ओरोसच्या आमच्या कार्यालयात दुपारचे डबे उघडले होते तेव्हा नवऱ्याचा फोन आला. "अक्काला गव्याने मारलं," एवढंच तो म्हणाला. मला वाटलं, धक्का दिला असेल, पाय मोडला असेल आणि आता ती डॉक्टरवर ओरडत असेल. मी विचारलंसुद्धा, "कुठल्या दवाखान्यात नेलंय?" त्याने फोन ठेवून दिला. मग मी डबा बंद केला, साहेबांना सांगितलं आणि स्कूटर काढली.

शालनअक्का माझी मोठी नणंद. आचऱ्याच्या वरच्या अंगाला तिची काजूची बाग आहे. उन्हाळ्यात गवे पाण्यासाठी खाली उतरतात, आमच्याकडे यात आता कोणाला नवल वाटत नाही. गवा दिसला की लोक घरात जातात. अक्का बाहेर गेली. काजू वेचायला आलेल्या बायांनी सांगितलं की तिने हातातली कोयती उगारली आणि "तुझ्या बापाशीची बाग काय रे ही?" असं ओरडत ती सरळ त्याच्यावर चालून गेली. एरवी वळून निघून जाणारं जनावर त्या सकाळी वळलं नाही. शिंग बरगड्यांखालून आत गेलं. ओळख पटवायला मीच गेले, कारण नवरा दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला होता. तिची उजवी मूठ आवळलेलीच होती. ती उघडायच्या भानगडीत मी पडले नाही.

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल गोड लिहायची पद्धत आहे. अक्काच्या बाबतीत ते जमणार नाही. अक्का मारायची. तिचा नवरा वारल्यावर तिने त्याची जुनी सात आसनी गाडी आचरा–कणकवली वडापला, सीटवर माणसं भरून न्यायला, स्वतः चालवायला घेतली. सुरुवातीलाच कधीतरी, मागच्या बाकावर एका कॉलेजच्या मुलीला चिकटून बसणाऱ्या इसमाला तिने कॉलर धरून भर रस्त्यात उतरवलं आणि चपलेने बडवलं. तिची गावात फार वाहवा झाली. पण पंप बंद करायला विसरलेल्या गड्यालाही तिने तसंच बडवलं होतं, तेव्हा कोणी वाहवा केली नाही. मला गाडी शिकवताना माझा क्लचवरचा पाय चुकला, तेव्हा तिने मांडीवर असा फटका दिला की कितीतरी दिवस तिथे काळंनिळं होतं. "दुखलां?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "मगे आता चुकूचंस नाय." पुढे मी चुकले नाही, हे खरं. तो फटका विसरलेही नाही, हेही खरं.

तिच्याबद्दल लिहायचं तर त्या उन्हाळ्यातल्या प्रवासाबद्दल लिहायला हवं. वैशूला विचारून लिहिते आहे. वैशू माझी धाकटी नणंद. ती म्हणाली, "नवऱ्याचा नाव पण घाल गो वयनी." नाव मी घालत नाही. आमच्या घरात त्याला जावईबापू म्हणत, इथे तेवढं पुरे.

त्या वर्षी धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला होता. या महिन्यात जावयाला बोलावून, दिवा लावून तेहतीस अनारसे द्यायचे, त्याला नवे कपडे करायचे, तो म्हणेल त्याला मान डोलवायची. महिनाभर जावई म्हणजे देव. जावईबापूंनी कपडे नकोत म्हणून सांगितलं. त्यांना सगळ्यांनी मिळून फिरायला जायचं होतं. दांडेलीचं जंगल, जोगचा धबधबा, तिथून बंदीपूरचे हत्ती. "गाडी घरचीच आहे, चालवायला अक्का आहेत," असं त्यांनीच ठरवून टाकलं. सासूबाईंनी अनारसे तळून पत्र्याच्या डब्यात भरले, तबक आणि निरांजन पिशवीत घातलं. वाटेत चांगलं देऊळ लागलं की द्यायचे असं ठरलं. डबा त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही. पुढची सीट अर्थातच जावईबापूंची. मागे सासूबाई, मी, माझा नवरा आणि अगदी शेवटच्या आडव्या बाकावर, सामानाबरोबर, वैशू. मे महिन्यात, मनगटापर्यंत बाह्यांच्या ड्रेसमध्ये.

दांडेलीला पहाटेच्या उघड्या जीपमधून आम्हाला गव्यांचा कळप दिसला. बरोबरचा माणूस बोटाने गप्प राहायला सांगत होता आणि अक्का मोठ्याने म्हणाली, "हे बघूक हंय इलव? हे आमच्या काजूत रोज येतत." आम्ही सगळे हसलो. वैशूही हसली, जरा जास्त वेळ. जावईबापूंनी मागे वळून तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि तिचं हसू कापल्यासारखं थांबलं. दुपारी मी साबण मागायला तिच्या खोलीत गेले. ती पाठमोरी होती, कपडे बदलत होती. पाठीवर पट्ट्याचे वळ होते, जुने पिवळे पडलेले आणि वर नवे. सगळ्यात नवा अजून लाल होता.

मी सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ निरांजन पुसत राहिल्या. "महिनो धोंड्याचो आसा गो," त्या म्हणाल्या, "एकदा अनारसे दिवन झाले काय मगे बघया." हे ऐकून मी सरळ बाहेर गेले आणि अक्काला सांगितलं. ती गाडीच्या रेडिएटरमध्ये पाणी ओतत होती. बाटली रिकामी होईपर्यंत तिने ओतलं, झाकण लावलं आणि म्हणाली, "बरां." मला वाटलं होतं आत्ताच खोलीचं दार मोडेल. ती गप्प बसली हे पाहून मी जास्त घाबरले.

जोगला पोचलो तर कड्यावर नुसता ओला काळा डाग. मे महिन्यात धबधबा बघायला आलेले आम्हीच. जावईबापू चिडले. येताना वैशूने गाडी दोनदा थांबवायला लावली म्हणून उशीर झाला, असं ते म्हणायला लागले, जणू तोपर्यंत पाणी संपलं होतं. अक्काने वैशूला कठड्याजवळ बाजूला घेतलं. मी जवळच होते.

"पाठीक काय झाला गो?"

"पडलंय न्हाणीत."

"न्हाणीक पट्टो आसा?"

वैशूने ओढणी पाठीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "अक्का, तू मधी पडा नको. तू मारतलंस आणि घराक गेल्यार त्याचा माका भोगूचा लागतला." अक्काला एवढं सरळ आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तिने ते ऐकून घेतलं, असं मला वाटलं. पुढचा सगळा प्रवास तिने आरशातून मागचा बाक बघत गाडी चालवली.

बंदीपूरच्या जंगलातल्या रस्त्यावर गाडी थांबवायची नाही, उतरायचं नाही, अशा पाट्या जागोजागी आहेत. पण वळणावर हत्तींचा कळपच आडवा आला आणि पुढच्या गाड्या थांबल्या तशा आम्हीही थांबलो. कळपात पिल्लू होतं. त्याची आई आमच्याकडे तोंड करून उभी राहिली, कान पसरले आणि धूळ उडवत चार पावलं धावून आली. जावईबापू ओरडायला लागले, "मागे घ्या! मागे घ्या!" मागे गाड्या होत्या, घेणार कुठे? शेवटच्या बाकावरून वैशू आमच्या खांद्यांमधून पुढे वाकून हळूच म्हणाली, "आरडा नको, ती बुजतली." तसे ते सीटवर गुडघे टेकून वळले, आमच्या डोक्यांवरून हात लांब करून त्यांनी तिच्या तोंडावर मारलं. एकदा आणि लगेच परत एकदा. अंगठीने तिचा ओठ फाटला. रक्ताचे थेंब सासूबाईंच्या खांद्यावर आणि मांडीवरच्या डब्यावर उडाले. समोर हत्तीण उभी आणि काचेवर तिच्या पायांची धूळ. अक्काचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. हत्तीण परत फिरली, पिल्लू पलीकडे गेलं, गाड्या हलल्या. अक्काने अगदी सावकाश, नियमाने, जंगल संपून वनखात्याचा नाका येईपर्यंत गाडी चालवली. नाक्यापुढे कडेला लावली. हँडब्रेक ओढला.

मग ती उतरली, पुढून वळसा घालून त्यांच्या बाजूला आली, दार उघडलं आणि त्यांना केसांना धरून बाहेर ओढलं. ते पडले, उठले आणि त्यांनी तिच्या तोंडावर ठोसा मारला. तिचा पुढचा दात त्यातच गेला. ती क्षणभर मागे सरली आणि सासूबाईंच्या मांडीवरून डबा उचलला. "अगो, जावई तो!" सासूबाई किंचाळल्या, "महिनो धोंड्याचो!" अक्का रक्त थुंकली. "मगे दितंय मा तेका अनारसे!" असं म्हणून तिने तो डबा त्यांच्या कपाळावर घातला. झाकण उडालं, अनारसे रस्ताभर झाले. ती मारत राहिली. डबा चेपला तरी मारत राहिली. माझा नवरा तिला मागून धरायला गेला आणि कोपर लागून तोही खाली बसला. नाक्यावरचे पहारेकरी कानडीत ओरडत धावत येईपर्यंत कुठूनशी माकडं उतरली होती आणि आमच्या पायांतून वेचून वेचून अनारसे खात होती.

जावईबापू रस्त्याच्या कडेला बसले होते, डोळ्यांत रक्त उतरत होतं. आणि वैशू गाडीतून उतरून त्यांच्याकडे गेली. स्वतःचा ओठ फुटलेला असताना ओढणीने त्यांचं कपाळ दाबून धरायला लागली. "मी ह्येंच्यावांगडा जातंय," ती म्हणाली. अक्काने तिच्याही थोबाडीत मारली. वेणी धरून फरफटत आणली, गाडीत कोंबली, जावईबापूंची बॅग त्यांच्या पायांशी फेकली आणि पहारेकऱ्यांना मराठीतच काहीतरी सांगून गाडी सुरू केली. लोक अक्काची ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात, पण या तुकड्याशी आले की थांबतात. मी तिथे होते. वैशू सोडवली गेली तीही मार खाऊनच.

परतीच्या वाटेवर तिने अक्काशी एक शब्द काढला नाही. पुढे कितीतरी महिने ती बोलली ती फक्त भांडायला. जावईबापूंनी तक्रार केली, आम्ही उलट तक्रार केली, ओरोसच्या पोलीस-कोर्टाच्या खेपा मी केल्या. एकदा ते माणसं घेऊन आचऱ्याला आले आणि त्यांनी गाडीची काच फोडली. अक्का कोयती घेऊन अंगणात उभी राहिली, तेव्हा गेले. अक्काने वैशूचा मोबाइल काढून घेतला, तिला एकटीला बाजारात जाऊ देईना. "हो काय तुरुंग आसा?" असं वैशू ओरडली की अक्काचा हात उठायचा. मी एकदा अक्काला स्पष्ट म्हटलं, "त्या घरात आणि ह्या घरात तिला फरक काय कळणार?" ती दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही.

वर्षाच्या आत वैशू स्वतःहून नवऱ्याकडे परत गेली. अक्का वडापला गेलेली असताना, एसटीने. मी म्हटलं, आता ही तिथे जाऊन खून करणार. ती गेली नाही. गाडी धुतली, बागेला पाणी लावलं, जेवली नाही. काही दिवसांनी भर दुपारी वैशू अंगणात उभी होती, डावं मनगट मोडलेलं, ओढणीने गळ्यात बांधलेलं. मी त्या दिवशी तिथेच होते आणि अक्काचा हात बघत होते. तो हलला नाही. "इलंस?" ती म्हणाली. "जेवलंस?" वैशूने मान हलवली. अक्काने आत जाऊन पेज आणली आणि तिला चमच्याने भरवली. त्यानंतर तिने वैशूवर हात टाकलेला मी पाहिला नाही. मोबाइलही परत दिला. बाकीच्यांना मारायची ती मारतच राहिली…

अक्का गेल्यावर तिच्या घरात राहिल्या वैशू आणि सासूबाई. सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता आणि बाराव्याला तो दारात येऊन उभा राहिला. जावईबापू आले, बरोबर त्यांचे काका. कपाळावरची खूण अजून दिसते. पंगत बसत होती. काका भले गृहस्थ, समजुतीने बोलले, "झाला ता झाला. मोठी गेली. आता हंय बायलमाणसांनी एकट्यान कसां रवाचा? चल बाय आपल्या घराक." सासूबाई सवयीने म्हणाल्या, "जावईबापू इले, पान मांड गो."

वैशूच्या हातात भाताचं पातेलं होतं. "काकानू, तुमी बसा, जेवान जावा," ती म्हणाली. "ह्येंका मी पान मांडूचंय नाय."

बाराव्याच्या दिवशी, दारी आलेल्या जावयाला पान नाही, हे आमच्या गावात कोणी ऐकलं नसेल. जावईबापू सासूबाईंकडे वळले. "आई, तुम्ही सांगा हिला." सासूबाईंनी पुढ्यातली पत्रावळ सरळ केली. मग म्हणाल्या, "मी काय सांगू? घर तिचा." ते एक पाऊल पुढे आले. माझा नवरा उठला, वडापचे दोघे-तिघे गाडीवाले उठले. वैशू जागची हलली नाही. तिचा आवाज चढला नाही. ती वाकली आणि काकांच्या पानावर भात वाढून पुढच्या पानाकडे गेली. जावईबापू चपला घालून निघाले. काका जेवून गेले.

दोघीच आहेत म्हणून मी नंतर सुतार बोलावून दाराला आतून चांगली जाड कडी बसवून घेतली. परवा रविवारी गेले तेव्हा दिवेलागणीला वैशू पडवीत चटई टाकत होती, दाराला अगदी आडवी. मनगट मोडून ती परत आली, त्या दिवसापासून अक्का तिथेच झोपायची. थंडीत, पावसाच्या झडीतही. आत यायचं तर कोणालाही तिला ओलांडूनच यावं लागलं असतं.

"आत कित्याक निजणस नाय गो?" मी विचारलं. "कडी बसवलंय मा?"

"हंय वारो बरो येता," वैशू म्हणाली.

अक्काही विचारलं की हेच सांगायची. त्या पडवीच्या वाऱ्याच्या अंगाला हातभर अंतरावर गोठ्याची भिंत आहे. वारा तिथे कुठूनच येत नाही.