शिमोनला मी काय सांगितलं

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. प्रार्थनेत देवापुढंसुद्धा नीट उच्चारलं नाही. तुम्हाला सांगतो — का, ते विचारू नका.

पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत यहुदी घरं दोनच. एक आमचं, एक मावशीचं. मावसभाऊ शिमोन माझ्याच वयाचा. एकोणिसाव्या वर्षी आम्ही दोघं इस्राएलला येशिवात गेलो. येशिवा म्हणजे मोठ्या पोरांची धर्मशिक्षणाची शाळा. तिथं जोडीनं शिकायचं — दोघांत धर्मग्रंथाचं एक पान, मोठ्यानं वाचायचं आणि त्यावर तावातावानं भांडायचं. माझा जोडीदार शिमोनच. मला हिब्रू बरी यायची, त्याला जेमतेम. पण डोकं? अहो, लय चालायचं त्याचं! मराठीत असा प्रश्न टाकायचा की मी ते पान परत पहिल्यापासून वाचायला घ्यायचो. मग तोच प्रश्न मी हिब्रूत विचारायचो आणि शाबासकी मला. त्याला त्याचं काहीच वाटायचं नाही. मला मात्र गोड लागायचं.

तो नवस बोलला होता, पहिलं पान एकट्यानं वाचता आलं की मलिदा करीन. आलं वाचता. मावशीनं बांधून दिलेले पोहे भिजवले, खोबरं, साखर, वेलची घातली, वर फळं मांडली, आणि ताट घेऊन गडी थेट वर्गात! आमच्याकडं लग्नाला, नवस फेडायला मलिदा असतोच. एलियाहू नबीचं नाव घेऊन वाटायचा. तिथं तो कुणालाच ठाऊक नव्हता. पोरं फिदीफिदी हसायला लागली. गुरुजींनी मला विचारलं, हे तुमच्यातलं आहे का?

'हो' एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो — नाही. म्हणालो, गावाकडं मूर्तीपुढं ठेवतात तसलं काहीतरी दिसतंय, आमच्या घरी असलं चालत नाही. सगळं हिब्रूत. शिमोन ताट धरून माझ्याकडं बघत हसत उभा होता. त्याला वाटलं, मी त्याचं कौतुकच करायलोय.

भ्यालो होतो का? भ्यालो होतो, मलाही गावंढळ म्हणतील म्हणून. पण नुसती भीती नव्हती हो. जळायचो मी त्याच्यावर.

आमच्या धर्मात मूर्तिपूजेएवढं मोठं पाप नाही; आठवडाभरात त्याला परत पाठवायचं ठरलं. सांगायचं काम माझ्याकडं आलं. खरं कारण कसं सांगणार? म्हणालो, "तुझं डोकं इथं चालंना म्हणायलेत."

"खरंय रे," एवढंच म्हणाला तो, आणि बॅग भरायला लागला.

पूर्णेला येऊन तो रेल्वेत चिकटला. परत कधी तो ग्रंथ उघडला नाही त्यानं. मी तिकडंच धर्मशिक्षक झालो. सुट्टीत आलो की तो खुर्चीवरून उठून मला जागा देतो — मला!

परवा त्याचा मुलगा त्याच येशिवात जायला निघाला. आम्ही दोघं त्याला गाडीत बसवायला गेलो होतो. शिमोन माझ्या खांद्यावर हात ठेवून पोराला म्हणाला, "काकावर जा रं बाबा. माझ्यावर नको जाऊ, आमचं डोकं न्हाई चाललं."

पोरगा हसला. मीही हसलो. गाडी सुटायला अजून वीस मिनिटं होती, आणि मी काही बोललो नाही.