रोज तीन शब्द

जेकबसाहेब गेल्याचं मला ऑफिसात कळलं. लंडनहून त्यांच्या मुलीचा, रूथचा फोन आला. "बाबा गेले. त्यांच्या डायरीत तुमचा नंबर होता," एवढंच ती बोलू शकली... त्याला आता पाच आठवडे झाले.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, आखातात, आमच्या अल क्वोजमधल्या कंत्राटदार कंपनीत ते काँक्रीटचे सल्लागार म्हणून आले, तेव्हा सत्तरीला टेकले होते. मी तिथे ड्राफ्ट्समन. नावावरून सगळे त्यांना ख्रिश्चन समजत, आणि तो समज त्यांनी कधी खोडून काढला नाही. पहिल्याच आठवड्यात माझ्या डब्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "याला तुझ्या भाषेत काय म्हणतात?" मी म्हणालो, "पोळी." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि आणखी दोन शब्द मागितले. मग तो नेमच झाला. रोज जेवणाच्या सुट्टीत तीन शब्द, सलग तीन वर्षं. एकदा न राहवून मी म्हणालो, "सर, इथे हिंदीवर सगळं भागतं. या वयात मराठी शिकून काय करणार?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "जोशी, मी ज्यू आहे," ते हळूच म्हणाले. पंधराव्या वर्षी हंगेरीतून नाझींनी त्यांना घरच्यांसकट उचललं. आई आणि धाकटी बहीण पहिल्याच दिवशी मारल्या गेल्या. हे पोर छळछावणीत सिमेंटची पोती वाहू लागलं. तिथे ग्रीसमधल्या सलोनिका शहरातला दानिएल नावाचा शाळामास्तर त्यांच्या जोडीला होता. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये तो म्हणाला, "मी तुला रोज तीन शब्द शिकवीन. ग्रीक बोलायला तुला माझ्या घरी यायचंय." पोत्याखाली वाकलेलं असताना हे पोर ते शब्द घोकायचं. उद्याचे तीन शब्द बाकी आहेत, म्हणजे उद्यापर्यंत जगायला हवं, एवढा साधा हिशेब. हिवाळ्यात दानिएल तापाने गेला. त्यानंतर याने जुनेच शब्द जोडून वाक्यं केली, आणि सुटका होईपर्यंत ती स्वतःशीच बोलत राहिला.

पुढे दोन वर्षांनी ते खरंच सलोनिकाला गेले. डोंगरातल्या गावात लपून वाचलेली दानिएलची बहीण त्यांना भेटली. भाऊ कसा गेला, हे त्यांनी तिला ग्रीकमध्ये सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला तिने तोंडावर हात ठेवला. दानिएलची जीभ 'र' म्हणताना अडखळायची. जेकबसाहेबांची एरवी कुठल्याच भाषेत अडखळत नसे, पण ग्रीक ते फक्त दानिएलकडून शिकले होते, त्याच्या अडखळत्या 'र'सकट. "ती डोळे मिटून म्हणाली, बोलत राहा," साहेब म्हणाले. "मी संध्याकाळपर्यंत बोलत राहिलो."

समोरचा डबा तसाच राहिला. सिमेंटखाली दबलेला तो मुलगा पुढे काँक्रीटचाच इंजिनियर कसा झाला, हे विचारायचंही धाडस झालं नाही. तेच उठत म्हणाले, "यल्ला, चल, आजचे दोन शब्द राहिलेत."

गेल्या आठवड्यात रूथचा पुन्हा फोन आला. शेवटच्या दिवशी नर्स बाहेर निघाली, तर त्यांनी हात हलवून तिला काहीतरी सांगितलं. कुठल्याच ओळखीच्या भाषेतलं नव्हतं ते. रूथने अडखळत उच्चारून दाखवलं, "येतो... असं काहीतरी. मराठी आहे का?"

"मराठीच आहे," मी म्हणालो. "आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत."