चौथं नाव
तुरीच्या ओल्या शेंगा उकडल्याचा वास आला, की मला मंगरूळपीरजवळचं ते वावर आठवतं. तिथं तीन हंगाम मी तुरीवरच्या मर रोगाच्या नोंदी घेतल्या. रोगट झाड माझ्याआधी ओळखायची ती वावराची मालकीण. शोधनिबंध छापून आल्यावर मी तिला प्रत नेऊन दिली. उकडलेल्या शेंगा माझ्यापुढं सारत तिनं विचारलं, "याच्यात मायं नाव कोनतं व्हय, सर?" तिला इंग्रजी येत नव्हतं. माझं बोट चौथ्या नावावर गेलं. ते आमच्या विभागप्रमुखांचं होतं, आणि त्यांनी ते वावर कधी पाहिलंही नव्हतं. "लय बारीक लिवलं," म्हणत तिनं पदराला हात पुसून त्या नावावरून बोट फिरवलं. आजही कुणी त्या निबंधाचा संदर्भ दिला, की मोबाइलवर तशी सूचना वाजते आणि मी हे बोट मुठीत लपवतो.