पारुबाईनं धुतलेली ज्वारी

पारुबाई गोड स्वभावाची होती असं कुणी सांगितलं तर खुशाल समजा, त्यानं तिला पाहिलेलं नाही. ती तोंडानं फटकळ होती, ओट्याच्या पायरीशी उभी राहून मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवायची, आणि बैलाच्या पोटाविषयी तिला जे कळत होतं ते आमच्या गावात कुणालाही कळत नव्हतं. मालक म्हणजे व्यंकटराव, माझे वडील. तेव्हा हे ऐकीव नाही. मी तिथंच होते.

आमचं गाव कुरुंद्यापासून दीड कोसावर. गावाच्या अंगाला तांडा. तांड्यातल्या लोकांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या लादून मुलूखभर फिरायचे. रेल्वे आली, सडका झाल्या, आणि ते काम बुडालं. पारुबाईचा नवरा भावसिंग आमच्याकडे सालगडी होता. माणूस अबोल. त्याच्या वाटणीचंही पारुबाईच बोलायची. बैलांचं आंबोण तिच्याकडे असे. पहाटे जात्यावर ती ज्वारी भरडायची, म्हणजे एका दाण्याचे तीन-चार तुकडे, पीठ नाही. मग ते भिजवून कडब्याच्या कुट्टीत कालवायची. भरड्यासाठी जात्याची वरची पाळ जरा उचलून धरावी लागते. त्यासाठी मधल्या खिळ्याभोवती ती एक चिंधी गुंडाळायची. चिंधी किती जाड हवी ते तिच्या बोटांना ठाऊक. काम झालं की ती काढून कमरेला खोचायची.

लढाईची वर्षं होती. सरकी आणि पेंड मिळेना, सरकारात धान्याची सक्तीची लेव्ही भरावी लागे. त्या साली ज्वारी कणसात असताना पाऊस लागला आणि दाणा काळा पडला. तीच काळी ज्वारी बैलांना चालली होती. काळी झाली तरी खाण्याची ज्वारी. शेजारचे दगडोबा ओट्यावर पान जमवता जमवता एकदा म्हणाले, "व्यंकटराव, जात्याखाली जाते तितकीच ज्वारी पदराखालीबी जाते. तांड्याच्या बाईच्या हाती कणगी देऊन राहिला तुमी!"

वडिलांना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून भरडणं बंद. रोज सकाळी ते स्वतः पायली भरून अख्खी ज्वारी मोजून द्यायचे, बैलामागे अधोली म्हणजे दोन शेर, आणि भावसिंग ती गव्हाणीत टाकेपर्यंत समोर उभे राहायचे.

पारुबाई म्हणाली, "मालक, अख्खा दाणा बैलाला लागत न्हाई."

"लागत न्हाई काहून? दात न्हाईत का त्याला?"

"दात हाईत. सबूर न्हाई. तो आधी गिळतो, मंग बसून रवंथ करतो. बारका दाणा तेवढ्यात निसटून जातो."

"तुला लई समजतं!"

"बैलाचं समजतं. मानसाचं समजत न्हाई म्हनून तर इथं हाय."

हरण्या आणि गुलब्या ही आमची लाल कंधारी जोडी. पंधरा-वीस दिवसांत त्यांची हाडं वर आली. उन्हाळी नांगरट नुकती लागलेली, आणि बैल नांगराच्या तासाच्या टोकाला जाऊन उभे राहायला लागले. वडिलांनी हिशोब सरळ केला. ज्वारी पुरती मोजून जाते, बैल वाळतात, म्हणजे ज्वारी गव्हाणीतून परत निघते. ओट्यावर दगडोबा आणि आणखी चार माणसं बसलेली असताना ते म्हणाले, "भावसिंग, तू चोर हायेस. शनवारपर्यंत कबूल हो, न्हाईतर पोलीस पाटलाकडं देतो."

आजच्या वाचकाला याचं गांभीर्य कळायचं नाही. त्या काळी तांड्याच्या माणसावर एकदा चोरीचा ठपका बसला की पंचक्रोशीत कुणी त्याला सालाला ठेवत नसे, आणि कुठं काही हरवलं की पहिली झडती त्याच्या झोपडीची. भावसिंग मान खाली घालून उभा राहिला. वडिलांनी त्या गप्प बसण्याचाच पुरावा केला.

शनिवारी सकाळी पारुबाई आली. डोक्यावर दोन पाट्या शेण, काखेत चाळण. सरळ ओट्याशी आली.

"हे काय?" वडील ओरडले.

"तुमच्याच बैलांचं हाय. काल सकाळपासून आज सकाळपर्यंतचं, दोघांचं. तुमी गोठ्यावर बसवलेल्या माणसानंच पाहारा देला, त्याला इचारा." मग दगडोबांकडे वळून, "काका, पाय वर घ्या. शिंतोडे उडतील."

विहिरीचं पाणी घेऊन ती शेण धुवायला लागली. चाळणीत कोळायचं, पाणी ओतायचं, पुन्हा कोळायचं. दगडोबांनी नाकाला उपरणं लावलं.

"काहून काका? माझ्या सासूनं दुष्काळात हेच धुऊन, वाळवून, भाकरी केली होती. मेली न्हाई. खळ्यावरच्या शेणातली ज्वारी आजबी किती जणी धुतात ते तुमाला दिसत न्हाई, कारन तुमी तिकडं तोंडच करत न्हाई."

चाळणीत दाणे उरले. साल शाबूत, फुगलेले, अख्खे. तिनं वडिलांचाच शेर मागून घेतला आणि भरला. एक शेर. मग पुन्हा वर चांगला अर्धा.

"चार शेर घातली, दीड शेर निघाली. ओली हाय, फुगलीय, त्यातली थोडी सोडा. मी खोटं मोजत न्हाई. पन हा घ्या तुमचा चोर. बैलाच्या पोटात शिरून मागून बाहेर पडला."

चार माणसं हसली. वडिलांचे कान लाल झाले. ते हुशार होते, मुद्दा त्यांना तिथंच कळला. म्हणाले, "बरं बरं. उद्यापासून भरडून घाल."

"घालते. आधी म्हना."

"काय म्हनू?"

"चोर म्हनला तसंच, इथंच, ह्याच लोकांपुढं म्हना की चोर न्हाई."

"तू मला शिकवून राहिली का?" वडील उठले आणि आत गेले.

तिनं शेर पालथा घातला, कमरेची चिंधी चाचपली आणि म्हणाली, "मंग जात्याला मी हात लावनार न्हाई." भावसिंग पाडव्यापर्यंत सालाला बांधलेला होता, तो राहिला. ती तांड्यावर गेली.

वडिलांनी तिचं अर्धंच ऐकलं. दाणा फुटला पाहिजे ना? मग चांगला फुटू दे! वसमतला इंजिनावरची गिरणी होती. पोतंभर ज्वारी तिथून दळून आणली, भाकरीच्या पिठाहून बारीक. जितकं बारीक तितकं बैलाला लागेल, असं त्यांचं गणित. भावसिंग म्हणाला, "मालक, एवढं बारीक नको." त्याच्या तोंडून महिन्याभरात निघालेलं हे एकच वाक्य. वडिलांनी त्याला गप्प केलं.

पुढं कॉलेजात मला कळलं की बैल आपलं खाणं आधी पोटातल्या जंतूंना खायला घालतो आणि मग त्यातून स्वतःचं घेतो. अख्ख्या दाण्याच्या सालीमुळं जंतूंना आतलं पिठूळ लागतच नाही. अगदी बारीक पीठ दिलं तर ते एकदम तुटून पडतात आणि सगळं पोट आंबतं. भरडा हळूहळू खपतो. प्राध्यापकांनी फळ्यावर चार कप्पे काढून तासभर हे समजावलं. मला त्यात नवं काही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी हरण्यानं रवंथ सोडला. शेण पातळ, त्याला आंबूस वास, डावी कूस फुगलेली. दुपारी तो बसला तो उठेना. दगडोबा म्हणाले, "त्या बाईनं करणी केली." माझी आई, द्वारकाबाई, त्यांच्यासमोर कधी बोलत नसे. त्या दिवशी दारातूनच म्हणाली, "करणी गिरणीतून आली भावजी, पोत्यात भरून." आणि वडिलांना म्हणाली, "तुमी जाता का मी जाऊ?"

वडील तांड्यावर गेले. मी मागं मागं. पारुबाई गोधडी शिवत होती.

"हरण्या उठत न्हाई," वडील म्हणाले.

"पीठ घातलं व्हय?"

ती उठली. मला वाटलं, आता आधी कबूल करून घेणार. पण ती चालू लागली, आम्हा दोघांच्याही पुढं. "बैलानं मला चोर म्हनलं न्हाई," एवढंच बोलली.

तिनं गव्हाण रिकामी करवली, पीठ उकिरड्यावर फेकायला लावलं. पापडखार पाण्यात कालवून नळीनं पाजला, मागून गोडं तेल. मग चौघांना लावून बैल उभा केला आणि भावसिंगनं त्याला अंगणात फिरवत ठेवलं. नुसता वाळला कडबा, दाण्याचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी कूस उतरली. तिसऱ्या दिवशी हरण्या बसून रवंथ करायला लागला. तेव्हा आई रडली आणि पारुबाईनं तिला दटावलं, "मालकीनबाई, रडायचं होतं तर पीठ आलं तवा रडायचं."

वडील म्हणाले, "पारू, आता भरडायला बस."

"बैल उठला, माझं काम झालं. जातं तुमचं तुमी बघा." आणि ती ओट्याच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. तिथंच दगडोबा आणि ती मंडळी बसली होती. सगळ्यांना कळलं ती कशासाठी उभी आहे. भावसिंग हरण्याचं दावं धरून अंगणात.

वडिलांनी घसा साफ केला. "पारूचा घरवाला चोर न्हाई."

"नाव घ्या," पारुबाई म्हणाली. "मला नवऱ्याचं नाव घेता येत न्हाई, आमच्यात घेत न्हाईत. तुमाला येतं. चोर म्हनताना बराबर घेतलं होतं."

"भावसिंग चोर न्हाई," वडील म्हणाले. "ज्वारी माझ्यामुळं गेली."

दुसरं वाक्य तिनं मागितलं नव्हतं. वडिलांच्या आयुष्यातलं ते त्यांचं सगळ्यात चांगलं वाक्य, हे मी मुलगी म्हणून लिहिते.

पारुबाईनं पाडव्यापर्यंत भरडा केला. जोडीनं नांगरट पुरी केली. पाडव्याला वडिलांनी भावसिंगला पुढचं साल ठरवायचा विडा दिला, तो पारुबाईनं त्याच्या हातून घेऊन वडिलांपुढं परत ठेवला. मग आईला जात्याशी बसवलं, कमरेची चिंधी काढून खिळ्याभोवती गुंडाळून दाखवली आणि पहिली मूठ भरडून आईच्या तळहातावर ठेवली.

"इतकंच. ह्याहून बारीक न्हाई, जाड न्हाई. चिंधी राहू द्या तुमच्यापाशी."

"तुमी राहा की," आई म्हणाली.

"न्हाई. दुसरीकडं सालाला लागतोय. आता ह्यांना कुनीबी ठेवील."