आमच्या जगूभाऊंचे कान

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी कामोठ्याच्या घरी दुपारच्या चहाचं आधण ठेवत होते. पलीकडून वहिनी म्हणाल्या, “शैला, आपला नवरा गेला गं…” आणि त्यांनी फोन ठेवला. माझे यजमान समोर पेपर वाचत बसलेले, चांगले धडधाकट. त्यांनी पेपर खाली करून विचारलं, “कोण गेलं?” मी म्हटलं, “माझा नवरा.” त्यांना लगेच कळलं. ते उठले, गॅस बंद केला आणि म्हणाले, “चल, पनवेलला जाऊ.”

जगन्नाथ केणी हे नाव वाचकांना कदाचित चटकन आठवणार नाही, चेहरा मात्र आठवेल. मालिकेतले आजोबा, नायिकेचे वडील, गावचे सरपंच, कधी सज्जन डॉक्टर. पहिल्या पंचवीस भागांत मरायचे आणि मग भिंतीवर चंदनाचा हार घालून लटकायचे. “मी मेल्यावरच माझ्या कामाला सातत्य येतं,” असं ते म्हणायचे. पण खरे ते नाटकवाले. वीसेक वर्षं एका कौटुंबिक नाटकात ते तापट निवृत्त न्यायाधीश होते आणि मी त्यांची सोशिक बायको. नाटकाबाहेर मात्र ते दर भाऊबीजेला माझ्याकडे ओवाळून घ्यायला हजर. वहिनी सोबत येऊन म्हणायच्या, “वर्षभर नवरा म्हणून वापरतेस, आज भाऊ म्हणून ओवाळतेस. माझ्या वाट्याला काय?” जगूभाऊ म्हणायचे, “तुझ्या वाट्याला माझे कपडे धुणं.” यावर वहिनी जे बोलायच्या ते पुरवणीत छापण्यासारखं नाही.

पनवेलजवळच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. गावच्या जत्रेतल्या नाटकात पहिल्यांदा तोंडाला रंग लागला तो कायमचाच. बँकेत चिकटले, पण साहेबही नाटकवेडे निघाले, त्यामुळे रजा मिळत गेल्या. मालिकांचं काम वाढल्यावर सगळ्यांनी सांगून पाहिलं, मुंबईत घर घ्या, येण्याजाण्यात जीव जातो. त्यांनी पनवेललगतच्या सुकापूरला फ्लॅट घेतला. का, तर पनवेलच्या बाजारात ओळखीची कोळीण आहे आणि तिच्या हातची ताजी मासळी सोडून कला वगैरे त्यांना जमणार नव्हती.

त्या कोळणीनेच सगळ्यांआधी ओळखलं. एका रविवारी प्रयोगाला निघण्याआधी आम्ही दोघं बाजारात गेलो होतो. ती मला म्हणाली, “ओ बाय, हे तुजे कोन? मगाधरनं मी बोलतंय आन हे नुसते हसतान. भाव सांगला तरी हसतान, शिवी दिली तरी हसतान. यांना आयकू येत नाय. डाक्टरला दाखवा.” मी हसण्यावारी नेलं. पण गाडीत बसल्यावर मी मुद्दाम तोंड खिडकीकडे वळवून म्हटलं, “जगूभाऊ, तुम्ही अगदी फालतू नट आहात.” ते प्रेमाने म्हणाले, “हो, वहिनी बरी आहे तुझी.”

नटाला ऐकू आलं नाही तर समोरच्याचं वाक्य संपलं कधी आणि आपलं सुरू कधी, हे कळणार कसं? मी खोदून विचारलं तेव्हा कबूल झाले. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, कानाचं मशीनही घेऊन झालं होतं. “ते घातलं की आठव्या रांगेतला चिवडा ऐकू येतो आणि तुझं वाक्य येत नाही. वर मधेच शिट्टी मारतं. न्यायाधीशाच्या कानातून शिट्टी येते का कधी?” मग म्हणाले, “शैले, शेठना सांगू नकोस. ते दुसरा न्यायाधीश आणतील. नाटक गेलं तर मी नुसता म्हातारा.”

शेठ म्हणजे आमचे निर्माते. माणूस वाईट नव्हता, पण धंदा करत होता. तिकीट काढून आलेल्यांना तो काय सांगणार होता? आणि जगूभाऊंकडून नाटक काढून घेतल्यावर ते काय करतील, याचा विचार मला करवत नव्हता. म्हणून आम्ही दोघांनी चोरून एक पद्धत बसवली. त्यांचं वाक्य आलं की मी काहीतरी करायचं. चहाचा कप खाली ठेवला की चौकशी, चष्मा काढला की सुस्कारा, पदर कमरेला खोचला की भांडण. दंडावर चापट मारली की मुलाला घराबाहेर काढायचं, तो दुसऱ्या अंकाचा शेवट. संवाद त्यांना सगळ्या नाटकाचे पाठ, माझेसुद्धा. फक्त दार कुणीतरी उघडून द्यायला हवं होतं. बारा गावचं पाणी प्यायलेला नट तो, इतकं सुरेख जमवलं त्यांनी, की समीक्षकांनी आमच्या ‘मुरलेल्या दांपत्याचं’ कौतुक केलं. प्रेक्षक हसले की नाही हेही त्यांना ऐकू यायचं नाही. ते पहिल्या रांगेकडे बघायचे. “हसू आलं की माणसाचे खांदे हलतात. ढेरपोट्यांना पुढची तिकिटं द्यायला सांग, त्यांचं लांबून दिसतं.”

मालिकांचं तर सोपंच होतं. क्लॅप मिटलेली दिसली की सुरू. अडचण थांबण्याची होती. एकदा मुलीच्या पाठवणीचा प्रसंग होता. दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला, हे रडतच राहिले. मुलगी गाडीतून उतरून चहाला गेली तरी हे दाराची चौकट धरून हमसून हमसून रडत होते. दिग्दर्शकाने डोळे पुसले आणि तो वाढीव तुकडा तसाच ठेवला. त्या भागानंतर त्यांना अनोळखी लोकांचे फोन आले म्हणे. त्यांनी ते घेतले, ऐकू काही आलं नाही, पण सगळ्यांचे आभार मानले.

घोळ झाला तो नेमका पनवेलात, घरच्या मैदानावर. नाट्यगृह भरलेलं, त्यांच्या गावची अर्धी मंडळी आलेली. पहिला अंक रंगात आला होता आणि माझ्या दंडावर डास बसला. पनवेलचा डास तो, सुई टोचावी तसा चावतो. मी सवयीने फाडकन चापट मारली. जगूभाऊ ताडकन उठले, दाराकडे बोट दाखवलं आणि गरजले, “चालता हो माझ्या घरातून! आजपासून तू मला मेलास!” रंगमंचावर आम्ही दोघंच. मुलाची अजून एंट्रीसुद्धा झाली नव्हती. त्याच क्षणी तो बिचारा पेढ्यांचा पुडा घेऊन आत आला, नोकरी लागल्याचं सांगायला. मी त्याला म्हटलं, “बाळा, बाबांनी आजच सराव सुरू केलाय. तू पेढे दे.” थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. जगूभाऊंनी पहिल्या रांगेचे खांदे पाहिले, काहीतरी चुकलंय हे ओळखलं, मुलाच्या हातातला पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, “नोकरी लागली म्हणून या खेपेला माफ!” पुढचं नाटक रुळावर आलं. मध्यंतरात मात्र विंगेत शेठ उभे होते. ते नुसते जगूभाऊंकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं आता. पण पुढच्या प्रयोगाच्या जाहिरातीत नाव तसंच होतं. आम्ही निभावलं म्हणून दोघांनी एकमेकांची पाठ थोपटली. त्यानंतरही ते शेवटपर्यंत न्यायाधीशच राहिले. एका रात्री प्रयोग करून आले, दुसऱ्या दिवशी बांगड्याचं कालवण-भात जेवले, आडवे झाले आणि उठलेच नाहीत.

दिवसकार्य उरकल्यावर काही आठवड्यांनी आम्ही सगळे नाटकवाले वहिनींना भेटायला सुकापूरला गेलो. आता लपवण्यासारखं काय राहिलं, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात आमचं गुपित फोडलं. कप, चष्मा, पदर, सगळं सांगितलं. कुणाला फारसं नवल वाटलं नाही. प्रकाशयोजना करणारा रमाकांत म्हणाला, “ताई, मग मी काय करत होतो? त्यांचं वाक्य आलं की वरचा दिवा एक बोटभर चढवायचो.” मुलाचं काम करणारा नट म्हणाला, “आणि मी एवढा पाय का हलवायचो? तुम्ही मला वळण नाही म्हणून ओरडायचात.” मी कपाळाला हात लावला. आता फक्त शेठ उरले होते. ते चहाच्या कपात बघत म्हणाले, “पनवेलच्या प्रयोगानंतर मी तो सोफा मधे घेतला. तुम्ही सगळे कुरकुरत होतात, हालचालींना अडचण होते म्हणून. पण तिथून त्यांना सगळ्यांची तोंडं दिसायची.”

ज्यांच्यापासून लपवायला म्हणून एवढा खटाटोप केला, ते शेठ! आम्ही हसलो, हसता हसता रडलो, वहिनीसुद्धा. पण एकमेकांचं नीट ऐकू येईना, कारण टीव्ही सुरू होता. त्यांची जुनी मालिका दुपारी पुन्हा दाखवतात. पडद्यावर जगूभाऊ, अजून हार न चढलेले, नायिकेला उपदेश करत होते, आणि आवाज इतका, की खिडकीची तावदानं थरथरत होती. मी आवाज कमी करायला रिमोट उचलला.

“राहू दे गं शैला,” वहिनी म्हणाल्या. “त्यांना ऐकू येत नाही.”

मी रिमोट खाली ठेवला. मग आम्ही सगळे एकमेकांशी ओरडून बोलत बसलो.