साडूभाऊंचा भा

जगात कशावरही विश्वास ठेवू नये, यावर आमच्या साडूभाऊंइतका गाढ विश्वास असलेला माणूस मी पाहिला नाही. एसटीत चढताना ते कंडक्टरला विचारतात, ‘बीडलाच जाती ना?’ मग शेजारच्याला विचारतात, आणि उतरल्यावर पानवाल्याला, ‘हे बीडच हाय ना?’ वडवणीत त्यांचं टायपिंगचं दुकान. नेकनूरच्या बैलबाजाराचं पोस्टरची फाईल एकदा बीडच्या छापखान्यात उघडली; तिथं यांचा फॉन्ट नव्हता, अक्षरांच्या जागी किडे-मुंग्या उमटल्या. तेव्हापासून छपाईला नेण्याआधी ते सगळ्या अक्षरांची चित्रं करून टाकतात. ‘एकदा चित्र झालं की कुनाच्या बापाला बदलत न्हाई.’

माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेचंही त्यांनी तेच केलं. आम्ही छापखान्यात बसलेलो, तेवढ्यात भागवतचा फोन आला. भागवत म्हणजे आमच्या दोघांच्या बायकांचा एकुलता भाऊ. सोयरीक न विचारता जमवली म्हणून फुगलेला, पत्रिकेत नाव नको म्हणालेला. ‘टाका माझं नाव, दाजी. सांजच्याला टोळी ऊसतोडीला निघती. त्याआधी पत्रिका हातात पडली तर लग्नाला माघारी येतो. न्हाईतर समजून घ्या.’

मामाशिवाय मुलीला बोहल्यावर आणायचं कुणी? माझ्या तोंडचं पाणी पळालं. साडूभाऊंचंही. ‘कसं टाकू? ही चित्रं हायेत. फॉन्ट वडवणीला ऱ्हायला.’

‘आमच्या फॉन्टात टाकू का?’ ऑपरेटर म्हणाला.

‘येगळं दिसंल. मागून चिकटवलं म्हणून भागवत आनखी फुगंल.’

‘मग ठरवा की लवकर, मशीन थांबलंय.’

मी मदत म्हणून पाण्याचा जग भरून आणला. साडूभाऊ कॉम्प्युटरसमोर सरकले. गणपतीतला ग उचलला, वधूतला व, स्वागतातला त. आडनाव आमच्या सासऱ्यांच्या ओळीतून सबंध आणलं. कपाळाचा घाम कीबोर्डवर टपकत होता. भा कुठून आणला, ते मला दिसलं नाही.

टोळीची गाडी सुटता सुटता पत्रिका भागवतच्या हातात पडली. बोचक्यावर बसून त्यानं नावावरून बोट फिरवलं, पत्रिका बंडीच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, ‘येतो.’

परतताना एसटीत मी पत्रिका नीट पाहिली. साडूभाऊंचं नावच नव्हतं.

‘माझ्या नावात भा होताच, वळीला जागाबी तेवढीच होती,’ खिडकीबाहेर बघत ते म्हणाले. ‘उरलेलं स्कर ठिवून काय करता?’

भागवत आला, लग्न झालं. पत्रिका अजून कपाटात आहे. भागवतचं नाव वाचताना मी पहिल्या अक्षरापाशी जरा थांबतो. तिथं साडूभाऊ अंग चोरून बसलेले असतात, शेजारच्या ग ला विचारत, ‘लग्नालाच जाती ना?’